टॅलाडेगाची भिंत आणि उकडलेल्या शेंगा

गुरुवार : शार्लट

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो. नायगारा, न्यूयॉर्क, एखादं देऊळ आणि उरलेला वेळ नातवंडं नाहीतर टीव्ही. आमच्या जावयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यात टॅलाडेगा, म्हणजे अलाबामातला गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक, घुसवलं. "बाबा, तुम्ही आयुष्यभर सीटबेल्ट तपासलेत, तुम्ही हे बघायलाच हवं," असं त्याचं म्हणणं. चाकणच्या एका कारखान्यात सीटबेल्टच्या क्वालिटी विभागात माझी हयात गेली, त्यामुळे मला फार आग्रह करावा लागला नाही. ही मात्र ठाम होती. गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला अलाबामापर्यंत कशाला जायचं? शेवटी नातीला आजीशिवाय गाडीत बसायचं नव्हतं, म्हणून ती आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : स्टॉक कार म्हणजे बाहेरून शोरूममधली कॅमरी, मस्टँग किंवा कॅमारो वाटणारी, पण आतून सगळा पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि व्ही-८ इंजिन असलेली गाडी. या शर्यती चालवणारी संस्था नॅस्कर, स्थापना १९४८. बहुतेक संघांचे कारखाने नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या आसपास, काँकर्ड आणि मूर्सव्हिल भागात आहेत. त्यातल्या काहींमध्ये काचेपलीकडून गाड्या जोडताना फुकट बघता येतं. शनिवार-रविवारी मात्र तिथे शुकशुकाट असतो, कारण सगळे शर्यतीला गेलेले असतात. जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं.

आम्ही सकाळी नॅस्कर हॉल ऑफ फेम पाहिलं. २०१० साली उघडलेली ही इमारत शहराच्या मालकीची आहे, आणि तिच्यात चक्क एक दारूची भट्टी मांडून ठेवली आहे. ज्युनियर जॉन्सन या जुन्या नामांकित चालकाने स्वतः बांधून दिलेली. बंदीच्या काळात आणि नंतरही डोंगरातली चोरटी दारू पोलिसांना चुकवत पोहोचवणारी पोरं हेच या खेळाचे पूर्वज. जॉन्सन स्वतः भट्टीपायी तुरुंगात जाऊन आलेला. ही त्या तांब्याच्या भांड्यांपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सरकारी इमारतीत हातभट्टी! आपल्याकडे कुणी ठेवू देईल का?"

मधोमध वर चढत जाणारा ग्लोरी रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर जुन्या-नव्या गाड्या ओळीने उभ्या. सुरुवातीला रस्ता सपाट, मग कलत कलत शेवटी ३३ अंशांवर जातो. जावई म्हणाला, "परवा बघणार आहोत ती वळणं एवढीच तिरकी आहेत." तिथली गाडी बघताना ती घसरून खाली कशी येत नाही, असंच वाटत राहतं.

माझे डोळे आपोआप पट्ट्यांकडे. खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून असे सहा-सात पट्टे एका कुलपात येतात. पण पट्टा धड धरतो, डोकं कोण धरणार? गाडी भिंतीवर आदळून थांबली की धड जागेवर राहतं, हेल्मेटसकट डोकं पुढे जात राहतं आणि सगळा ताण कवटीच्या तळाशी येतो. त्यावरचा उपाय म्हणजे हान्स. खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर, तिला हेल्मेट दोन पट्ट्यांनी बांधलेलं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ती १९८० च्या दशकात बनवली. डोकं-मान धरणारं असं साधन नॅस्करने सक्तीचं केलं ऑक्टोबर २००१ मध्ये. मधली वर्षं कुठे गेली, हे दुपारी कळलं.

दुपारी कॅनापोलिसला गेलो. शार्लटच्या उत्तरेला, अर्ध्यापाऊण तासावर. टॉवेल-चादरी बनवणाऱ्या कॅनन मिल्सचं हे गाव. २००३ मध्ये गिरणी बंद पडली. गिरण्या गेल्यावर गावाचं काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. याच गावचा चालक डेल अर्नहार्ट, सात वेळा अजिंक्यपद जिंकलेला, काळी ३ नंबरची गाडी. चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे : हाताची घडी, मिशा.

१८ फेब्रुवारी २००१, डेटोना ५००, नॅस्करची सगळ्यात मानाची शर्यत. शेवटची फेरी, शेवटचं वळण. अर्नहार्ट तिसरा होता. मागून धक्का लागला, गाडी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे वर चढून काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. पाहणाऱ्यांना वाटलं, आता खिडकीची जाळी काढून उतरेल. तो जागीच गेला होता. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. त्याच शर्यतीत २७ फेऱ्या आधी टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडून दुसऱ्या गाड्यांवरून कोलांट्या खात गेली होती, अठरा गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या. ते दृश्य बघून कुणालाही वाटेल की हा संपला. स्टुअर्ट वाचला.

मी जावयाला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. गाडी किती वेगात होती यापेक्षा तो वेग शून्यावर यायला किती वेळ लागला, यावर सगळं ठरतं. कोलांट्या खाणारी गाडी पत्रे, चाकं, बॉनेट उधळत लांबवर जाते आणि वेग हप्त्याहप्त्याने संपवते. भिंतीवर नाकाने गेलेली गाडी सगळा हिशोब एका क्षणात चुकता करते. आम्ही स्लेडवर, म्हणजे धडकेची नक्कल करणाऱ्या घसरगाड्यावर, पट्टे तपासायचो तेव्हाही आलेख बघताना छाती धडधडायची ती उंच, अरुंद शिखरांनी. पसरट टेकड्यांची भीती कधी वाटली नाही.

अर्नहार्टच्या आधीच्या वर्षी, २००० मध्ये, तीन चालक असेच गेले होते. न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर एकोणीस वर्षांचा अॅडम पेटी आणि दोन महिन्यांनी तिथेच केनी अर्विन, मग टेक्सासला टोनी रोपर. तरी सक्ती झाली नाही. सगळ्यात मोठं नाव गेल्यावर मात्र भराभर निर्णय झाले. हे मला चाकणमध्येही नवीन नव्हतं, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. २००१ नंतर नॅस्करच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांच्या शर्यतींत एकही चालक दगावलेला नाही, तेही खरं.

शुक्रवार : शार्लट ते ऑक्सफर्ड, अलाबामा

साडेतीनशे मैलांच्या आत-बाहेरचा प्रवास. आय-८५ ने अटलांटा, तिथून आय-२०. साउथ कॅरोलायनात गॅफनीजवळ रस्त्याकडेला पाण्याची टाकी आहे, ती हुबेहूब पीच फळासारखी रंगवलेली. नातीने ती मागे दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून पाहिली.

पुढे एका पेट्रोल पंपाबाहेर पाटी : बॉइल्ड पीनट्स. ही गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "अहो, उकडलेल्या शेंगा!" मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात तासन् तास शिजलेल्या, टरफलासकट, कागदी ग्लासात भरून देतात. दाणा आपल्यापेक्षा मऊ, जवळजवळ घेवड्याच्या उसळीतल्या दाण्याच्या जातीचा, आणि मीठ सढळ हाताने. तिखट मसाल्याचीही एक जात मिळते, ती आमच्या घरी सर्वानुमते पहिली आली. विकणाऱ्या आजींनी विचारलं, कुठून आलात, आवडल्या का. हिने खुणांनी आणि अर्ध्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे थंडीत या करतात. आजींनी आणखी एक ग्लास भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. या सहलीला हिची खरी मान्यता मिळाली ती इथे. शर्यत नंतर आली.

उपयोगाचं : जॉर्जियातून अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. जाताना तासभर पदरात पडतो, येताना तो परत द्यावा लागतो. शाकाहारी मंडळींनी अटलांटाजवळ डिकेटरला थांबून घ्यावं. तिथे भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत, त्यापुढे थेपले नाहीतर चटणी-पोळी सोबत असलेली बरी. शर्यतीच्या आठवड्यात ट्रॅकजवळची हॉटेलं दुप्पट-तिप्पट भाव लावतात. आम्ही वीस-पंचवीस मिनिटांवरच्या ऑक्सफर्ड गावात राहिलो.

शनिवार : अॅनिस्टन आणि ट्रॅक

सकाळी मोकळा वेळ होता म्हणून शेजारच्या अॅनिस्टनला गेलो. मे १९६१ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध गोरे आणि काळे प्रवासी मुद्दाम एकत्र बसून निघाले होते, त्यांची बस इथे जमावाने अडवून पेटवली. तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे. फार काही बघायला नाही, पण ज्या रस्त्याने आपण पुढे शर्यतीला जाणार तोच हा मुलूख, हे कळून जाणं चांगलं. खरं सांगायचं तर आमच्या मनात थोडी धाकधूक होतीच. सावळे चेहरे, कुंकू, मोडकं इंग्रजी. नॅस्करने २०२० मध्ये ट्रॅकवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा जुना बंडखोर झेंडा आणायला बंदी केली. बाहेर रस्त्याकडेला मात्र एकदोन फडकताना दिसले. आत आम्हाला कुणी वाकडं पाहिलं नाही, उलट खाऊन जा म्हणून थांबवून ठेवलं. बंदीनंतरच्या वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, बबा वॉलेस याच ट्रॅकवर जिंकला. वेंडेल स्कॉट १९६३ मध्ये जिंकला होता, त्यानंतर या सर्वोच्च मालिकेत जिंकलेला तो पहिलाच कृष्णवर्णीय चालक. त्याच्या २३ नंबरच्या टोप्या घातलेली बरीच पोरं दिसली.

टॅलाडेगाचा ट्रॅक जुन्या विमानतळाच्या जागेवर १९६९ मध्ये उभा राहिला. एक फेरी २.६६ मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. टीव्हीवर याचा आवाका कळतच नाही. मैदानाच्या आत बोगद्यातून जायचं, आणि आत अख्खं गाव वसलेलं : हजारो कॅम्पर, बस, तंबू, छपरांवर मांडलेले सोफे, झेंडे, शेगड्या. जावयाच्या ऑफिसातला एक जण दरवर्षी तिथे मुक्कामाला असतो. त्याच्याकडे जेवायचं आमंत्रण होतं. कोंबडी लाकडाच्या धुरावर भाजून ती पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात. मेयोनेज, व्हिनेगर आणि मिरपूड यांचा हा सॉस उत्तर अलाबामाची खासियत. मला आवडला. हिने आणि नातीने मक्याची कणसं, बटाटा सॅलड आणि आपली चटणी यांवर निभावलं. लसणाची चटणी तिथल्या तिघांनी मागून घेतली आणि चौथ्याला घाम फुटला.

शेजारच्या कॅम्परमधले एक आजोबा खुर्ची ओढून आले. मे १९८७ मध्ये ते समोरच्या गॅलरीत होते. त्या आठवड्यात बिल इलियटने ताशी २१२.८०९ मैलांनी, म्हणजे ३४२ किलोमीटरच्या वर, पात्रता फेरी मारली होती, आणि तो विक्रम आजवर मोडलेला नाही. मग शर्यतीत बॉबी अॅलिसनचा टायर फुटला. गाडी मागच्या बाजूने उचलली जाऊन प्रेक्षकांपुढच्या जाळीत घुसली आणि जाळीचा मोठा पट्टा ओरबाडत गेली. काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी गॅलरीत गेली असती तर काय, हा विचार करून आजोबा आजही थांबतात. ती शर्यत जिंकली अॅलिसनच्याच मुलाने, डेव्हीने.

त्यानंतर १९८८ पासून इथे आणि डेटोनाला इंजिनात जाणारी हवा कमी करणारी छिद्रांची पत्री, रेस्ट्रिक्टर प्लेट, बसवायला लागले. आता तिची जागा वेगळ्या भागाने घेतली आहे, पण काम तेच. गाड्यांचा वेग आवरला, प्रेक्षक वाचले. पण सगळ्यांची ताकद सारखी झाल्यावर कुणीच कुणाला मागे टाकू शकेना. पुढच्या गाडीने फोडलेल्या हवेत शिरलं तरच वेग मिळतो, म्हणून सगळे एकमेकांना चिकटून धावू लागले. एकाची चूक झाली की वीस गाड्या जातात. इथले लोक त्याला द बिग वन म्हणतात आणि त्याची वाट बघतात. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या उपायातून चालकांसाठी नवा धोका जन्मला. यात कुणाचा मूर्खपणा मला दिसत नाही. एक दोष बंद केला की दुसरीकडे गळती लागणं यंत्रांच्या दुनियेत रोजचंच.

आजोबांनी आणखी एक सांगितलं. १९६९ च्या पहिल्याच शर्यतीला मोठे चालक इथून निघून गेले होते, कारण त्या वेगाला टायर फाटत होते. त्यांचा म्होरक्या रिचर्ड पेटी. मालक बिल फ्रान्स यांनी उरलेल्या गाड्या घेऊन शर्यत भरवलीच, आणि ती जिंकली रिचर्ड ब्रिकहाउस नावाच्या नवख्याने. पट्टे तपासणाऱ्या माणसाला संपावर गेलेले चालक जरा जास्तच आवडतात, हे मान्य.

दुपारी दुसऱ्या फळीची, एक्सफिनिटी मालिकेची शर्यत झाली. जेसी लव्ह नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा जिंकला, त्याचा या मालिकेतला पहिलाच विजय. पहिल्यांदा चाळीसेक गाड्यांचा जथा समोरून गेला तेव्हा हिने माझा दंड धरला. आवाज कानांनी ऐकू येत नाही, छातीत येतो. गाड्यांमधलं अंतर बघून वाटलं, चांदणी चौकात संध्याकाळी सहाला असतं तेवढंच, फक्त इथे वेग ताशी ३०० किलोमीटर. नात मात्र कानाला मोठे इअरमफ लावून शांत झोपली.

बसायची जागा : स्वस्तातल्या खालच्या रांगा घेऊ नका. पलीकडची बाजू दिसत नाही आणि तारेच्या जाळीतून बघावं लागतं. २००९ मध्ये शेवटच्या फेरीत कार्ल एडवर्ड्सची गाडी उडून याच बाजूच्या जाळीला लागली आणि तुकड्यांनी काही प्रेक्षक जखमी झाले. एडवर्ड्स मात्र गाडीतून उतरून उरलेलं अंतर पळत गेला आणि रेषा ओलांडली. तीसेक रांगांच्या वर बसलात की अख्खा ट्रॅक दिसतो. लहान मुलांना इअरमफ हवेतच, मोठ्यांना कानात बोळे. छोट्या मऊ कूलरमधून घरचं खाणं-पिणं नेता येतं, काच चालत नाही. पिशव्यांचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी बघून घ्यावेत.

रविवार : शर्यत

सकाळी हवेत गारवा होता. ट्रॅकवर पोहोचायला दुपारच्या शर्यतीसाठीही नऊला निघालो. पार्किंग फुकट, पण लांब.

आम्ही दोघांसाठी स्कॅनर भाड्याने घेतला होता. हेडफोनमधून चालक आणि त्याचा स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. हे पैसे जरूर खर्च करावेत. स्पॉटर म्हणजे उंच छतावर उभा राहून चालकाचे डोळे झालेला माणूस. डोकं-मान बांधलेल्या चालकाला बाजूचं काहीच दिसत नाही. "आत एक, बाहेर एक, मधे तू, अजून तू मधे, बाहेरचा सुटला," असं तीन तास अखंड. मी आयुष्यात इतका एकाग्र माणूस ऐकला नाही.

शर्यत १८८ फेऱ्यांची, म्हणजे ५०० मैल. ती ६०, ६० आणि ६८ अशा तीन टप्प्यांत. आणि पहिल्या टप्प्यातच मला कोडं पडलं. गाड्या तीन-तीनच्या रांगांत अगदी शिस्तीत चालल्या होत्या, आणि आदल्या दिवशीच्या पोरांपेक्षा हळू. जावई हसला. "बाबा, पेट्रोल वाचवतायत."

हिशोब असा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, टायर बदलायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा टाकी भरायला जास्त लागतो. म्हणजे पिटमध्ये किती सेकंद गेले हे पेट्रोलवर ठरतं. ट्रॅकवर तीन गाड्यांची भिंत फोडून पुढे जाणं जवळजवळ अशक्य, तेव्हा जागा मिळवायची तर पिटमध्येच. म्हणून सगळे अर्ध्या पॅडलवर चालवतात. ज्याने जास्त वाचवलं त्याला कमी भरावं लागतं आणि तो दोन सेकंद आधी बाहेर पडतो. त्या दोन सेकंदांत पंधरा गाड्या मागे जातात. सर्वात पुढचा हळू, म्हणून मागचे सगळे हळू. आजूबाजूचे प्रेक्षक यावर नाराज असतात आणि चालकही. मला मात्र हा भाग सगळ्यात जास्त आवडला. एवढी ताकद हाताशी असताना पाय उचलून धरणं, आणि तेही चाळीस जणांनी एकमेकांवर नजर ठेवून, याला मोठी छाती लागते.

शेवटच्या टप्प्यात टोयोटाच्या चालकांनी डाव टाकला. सगळे मिळून एकत्र पिटमध्ये गेले, एकत्र बाहेर आले आणि मग पेट्रोलची पर्वा सोडून एकमेकांना मागून ढकलत सुसाट निघाले. बाकीचे पिट घेतील तोवर एवढं पुढे जायचं की पुन्हा गाठ पडू नये. बेत कागदावर सुरेख होता. पण ढकलताना मागच्या बंपरने पुढच्या बंपरच्या बरोबर मधोमध टेकायला हवं, आणि तेही ३३ अंशांच्या उतारावर. १५५ व्या फेरीच्या आसपास तो धक्का चुकला. आम्हाला प्रत्यक्ष दिसला तो फक्त धूर, बाकी मोठ्या पडद्यावर. जॉन हंटर नेमेचेक, बबा वॉलेस, डेनी हॅमलिन आणि ४३ नंबरवाला एरिक जोन्स, सगळे एकाच कंपनीचे, एकमेकांनीच अडकवलेले. प्रतिस्पर्ध्यांनी बोटही लावलं नव्हतं.

जोन्सची गाडी बाहेरच्या भिंतीवर गेली. उडाली नाही, उलटली नाही, आग नाही. गर्दीतून एक मोठा "ओऽऽ" आला आणि विरून गेला. समोरचा माणूस सँडविच खायला लागला. मी जावयाला म्हणालो, "हा मार वाईट आहे." आदळण्याचा कोन मला आवडला नव्हता.

भिंतीबद्दल थोडं. ही आता नुसती काँक्रीटची राहिलेली नाही. तिच्यापुढे पोलादी चौकोनी नळ्या आणि मधे फोमचे ठोकळे, असं सेफर बॅरियर असतं. गाडी लागली की ते काही इंच मागे दबतं आणि थांबण्याचा वेळ वाढवतं. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने ते बनवलं, आणि २००२ मध्ये इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसलं. हे लोक मुळात हायवेचे कठडे बनवणारे, त्यामुळे मला जास्तच जवळचे वाटले. आपल्या पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर दुभाजकात पोलादी दोरांचे कठडे आले त्यामागेही हाच विचार.

पण भिंत मऊ झाली तरी गाडी कडक असेल तर मार माणसापर्यंत येतोच. २०२२ मध्ये आलेली नवी गाडी अशीच कडक निघाली, विशेषतः मागून. त्या जुलैत पोकोनोला कर्ट बुश पात्रता फेरीत पाठीमागून भिंतीवर गेला. डोक्याला असा मार बसला की त्याची पूर्णवेळ कारकीर्द तिथेच थांबली. त्यानंतर २०२३ साठी गाडीचा मागचा सांगाडा मुद्दाम मऊ केला. बुश ४५ नंबरची गाडी चालवायचा. ती जागा मिळाली टायलर रेडिकला.

आणि तो रेडिकच आम्ही पाहत होतो. शेवटच्या फेरीत पुढे होता मायकल मॅकडॉवेल, ज्याने पहिल्या जागेवरून शर्यत सुरू केली होती. मागे ब्रॅड केसेलोव्हस्की. मॅकडॉवेल त्याला अडवायला एकदा वर, एकदा खाली. स्कॅनरवर स्पॉटरचा आवाज एक पट्टी वर चढला. मग मॅकडॉवेलची गाडी फिरली. तिला चुकवताना केसेलोव्हस्की थोडा ढळला, आणि रेडिक दोघांना टाकून पहिला. मागे पुन्हा गाड्या एकमेकींत गेल्या. त्यात कोरी लाजोयची गाडी कुशीवर कलंडून, भिंतीला घासत, ठिणग्या उडवत आमच्यासमोरून रेषेपार गेली. अख्खी गॅलरी उभी. ही डोळे झाकून, "मेला का हो तो?" विचारत होती. थोड्या वेळाने कळलं की लाजोय ठीक आहे. ही शर्यतभर ज्या एका गोष्टीला घाबरली, ती घडूनही काही झालं नव्हतं, आणि याचं तिला चक्क रागावल्यासारखं झालं.

रेडिकच्या संघाचा एक मालक मायकल जॉर्डन. तो तिथे हजर होता, पडद्यावर लहान पोरासारखा नाचताना दिसला. हिला जॉर्डन फक्त नातवाच्या बुटांवरून माहीत. "हा बूटवाला?" म्हणाली.

बाहेर पडताना गाड्यांच्या रांगेत दोन तास. घाई करू नका. लोक पार्किंगमध्येच शेगड्या पेटवून दुसरं जेवण करतात, तसंच करावं. आम्ही उरलेल्या शेंगा संपवल्या.

सोमवार, मंगळवार

परतीचा प्रवास सुखाचा झाला. डिकेटरला थाळी जेवलो, तासभर घड्याळाला परत दिला, गॅफनीची टाकी नातीने झोपेत चुकवली. चुरगळलेल्या गाड्या पाहून पोटात गोळा आला होता, तो आता कुठे विरघळला. त्या गाड्यांपैकी काही नॅस्कर काँकर्डच्या आपल्या संशोधन केंद्रात नेऊन उकलून बघते, आणि ते केंद्र लेकीच्या घरापासून फार लांब नाही. तिथे प्रेक्षकांना प्रवेश असता तर मी शर्यत सोडून तिथेच गेलो असतो.

मंगळवारी जावयाने ऑफिसातून फोन केला. "बाबा, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं." एरिक जोन्सच्या पाठीच्या खालच्या मणक्याला दाबाने फ्रॅक्चर. पुढच्या डोव्हरच्या शर्यतीत त्याच्या जागी कोरी हाईम.

ही भाजी निवडत होती. विचारलं, "आणि तो आडवा घसरत गेला तो?"

"तो येत्या रविवारी डोव्हरला गाडी चालवतोय."

"मग मला उगाच डोळे झाकायला लावले," असं म्हणून तिने मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.